केळ्याचा काटा

केळ्याला काटा नसतो. हे कुणी सांगायची गोष्ट आहे का? पण मला ती साठी उलटल्यावर नव्याने शिकावी लागली, आणि शिकवणारा माझा नवराच होता.

आम्ही लिंगायत. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं, घरचं कापडाचं दुकान. गळ्यात लिंग आहे, ते आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पुजायचं आणि मगच तोंडात पाणी घालायचं. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवताना पहिली अट हीच, की मासमच्छी चालणार नाही. आणि अट घालणारी मी नव्हे बरं का, आमचे मालक. मुलं त्यांना अप्पा म्हणायची, मुलांच्या मागे मीही अप्पाच म्हणायला लागले. नातीच्या वाढदिवसाला केक आणला तर अप्पा आधी डब्यावर हिरवा ठिपका शोधायचे. ठिपका दिसला नाही तर पोरीच्या हातचा घासही नको. नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं.

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या आधी ते माल घ्यायला मुंबईला जायचे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीवरून आले ते साड्यांच्या गठ्ठ्याआधी एका पावाचंच सांगत बसले. "बाजाराच्या तोंडाला एक गाडा लागतो बघ. कच्च्या केळ्याचे काप करतेत, तिखटमीठ, आलं-लसूण चोळतेत, रव्यात घोळतेत, तेलात खरपूस तळतेत. मग पावात घालून हिरवी चटणी, कांदा, वरून लिंबू. काय सांगू तुला! लई भारी." सांगता सांगता आवंढा गिळला त्यांनी. नवी नवरी मी, मला वाटलं, एवढं काय त्यात. केळी तर आपल्याकडे ढिगाने. अर्धापूरहून घडच्या घड येतात.

दुसऱ्याच दिवशी केले काप. पाव आणला, चटणी वाटली. अप्पांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला, आणि म्हणाले, "चांगली झाली. पण तशी न्हाई झाली."

हे वाक्य मी किती वर्षं ऐकलं म्हणता! बारीक रवा घेतला, जाडा घेतला, तांदळाचं पीठ मिसळून बघितलं. कधी चिंचेच्या कोळात भिजवले, कधी लिंबात. केळी गाभुळलेली घेतली, कडक घेतली, आडवी चिरली, उभी चिरली. दरवेळी ताट चाटूनपुसून मोकळं, आणि वर तेच, "तशी न्हाई झाली." एकदा मी वैतागून म्हणाले, "मग तिकडंच ऱ्हावा ना त्या गाड्यापाशी! त्याच्याच गळ्यात माळ घाला!" तर नुसते हसले. त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. दुकानात मोजलेलं कापड परत मोजायचे. गिऱ्हाइकाला हाक मारायची तर आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने मारायचे. आमच्या मुलाने दुकान हातात घेतलं आणि अप्पांना घरी बसवलं. घरी बसले तसे ते आणखी झरझर उतरले. एके दिवशी मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, "बाई, तुमी कोणाच्या?" पन्नास वर्षांच्या संसाराची ही पावती. मी म्हणाले, "तुमच्याच." ते म्हणाले, "बरं बरं, बसा."

तेही मी सोसलं. पण त्यांनी खाणं सोडलं ते काही सोसवेना. घास पुढे केला की ओठ गच्च मिटायचे, मान फिरवायची. ताकद गेली, ताप आला, माझ्या माहेरच्या ओळखीने लातूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे नाकातून नळी घातली. अप्पांनी ती ओढून काढली, रक्त आलं. परत घातली, परत ओढली. मग त्यांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांनी खाटेच्या दांड्यांना बांधले. दवाखान्याची काही चूक नाही, त्यांनी तरी काय करावं? पण अप्पा माझ्याकडे बघून म्हणायला लागले, "बाई, मी काय केलं हो? सोडा ना. मी काय बी चोरलं न्हाई." दिवसभर तेच. मी त्यांची मनगटं चोळत बसायचे, आणि रडायला बाहेर जायचे.

घरी आणलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, काही होवो, हे हात परत बांधू द्यायचे नाहीत. नांदेडचे डॉक्टर मात्र साफ बोलणारे. म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी आणाल तेव्हा वजन अजून उतरलेलं असलं तर नळीशिवाय इलाज नाही. आणि हे नळी ठेवत नाहीत, म्हणजे हात बांधावेच लागणार." मी मान हलवली. रिक्षात अप्पांचा हात माझ्या मांडीवर होता, नुसतं हाड आणि कातडं.

मग मी काय नाही केलं! ज्वारीची आंबील केली, मऊ वरणभात केला, त्यांच्या आवडीची गव्हाची हुग्गी केली गूळ-तूप घालून. ओठ उघडेनात. शेवटी एका दुपारी आठवण झाली ती केळ्याच्या कापांची. काप तळले, पाव आणला, चटणी लावली, छोटा तुकडा करून पुढे धरला. वास गेला असेल नाकात, अप्पांनी चक्क तोंड उघडलं. माझ्या जिवात जीव आला. आणि घास ओठाशी नेते तोच ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"काटा काढला का?"

"कसला काटा, अप्पा? केळ्याला कुठला आलाय काटा?"

"सुरमईला असतो ना मधी. तो गाड्यावाला काढून देत न्हाई. आपल्यालाच काढावा लागतो." असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं, ते मिटलंच.

मी तुकडा हातात धरून तशीच बसले. मग एकेक जुळत गेलं. गाडा, रवा, तेल, लिंबू, गिळलेला आवंढा. तशी न्हाई झाली. अगं बाई, कशी होणार होती तशी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हा माणूस, केकवरचा ठिपका शोधणारा, भाडेकरूला अट घालणारा, गळ्यात लिंग घालून मुंबईत सुरमई खात होता. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! मी ताट आदळलं आणि देवघरात जाऊन बसले.

पण खरं सांगू का, राग माशाचा नव्हता. खाल्ला तर खाल्ला, त्यांचा महादेव बघून घेईल. मला लागलं ते दुसरंच. मी इतकी वर्षं त्या केळ्यांशी डोकं आपटत होते, आणि ते समोर बसून बघत होते. एकदा म्हणाले असते, "अगं, ते केळं नव्हतंच," तर मी काय मारलं असतं? मी चार दिवस बोलले नसते, रुसले असते, पण आमच्या दोघांत एक खरी गोष्ट तरी राहिली असती. मला फार एकटं वाटलं त्या दुपारी. ज्याच्याशी भांडायचं तो माणूस बाहेरच्या खोलीत होता आणि नव्हताही.

त्या दिवशी अप्पांच्या पोटात काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, नुसतं चमच्याने पाणी. डॉक्टरकडे जायची वेळ जवळ येत होती. सकाळी लिंग तळहातावर घेतलं आणि मी उघड म्हणाले, "हे बघ शिवा, राग तुला येईल, मला बी आलाय. पण ते हात मला परत बांधलेले बघायचे न्हाईत. जे काय पाप लागायचं ते मला लागू दे. त्यांचं त्यांना आठवत बी न्हाई." आणि जिना चढून वर गेले.

वर राहतात ते रेल्वेतले, बायको मालवणकडची. गुणी पोरगी. मी दारात उभी राहून विचारलं, "मासा तळता येतो का गं तुला?" तिचा चेहराच उतरला. तिला वाटलं, पकडलं. म्हणाली, "काकू, आईशप्पथ, रोज नाही हो. कधीतरी रविवारी, थोडंसं सुकं. खिडक्या लावून. आणि वास जाऊ नये म्हणून उदबत्त्या लावते."

"आत्ता गं बया! ती उदबत्ती त्याची होती?" दर रविवारी जिन्यावरून धूप-उदबत्तीचा घमघमाट यायचा. मी अख्ख्या गल्लीत सांगत होते, कोकणातली पोरगी बघा कशी देवभोळी, नाहीतर आमच्या सुना. हसू आलं मला, किती दिवसांनी. मग तिथेच पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. काट्याचं, नळीचं, हातांचं. सांगताना रडले. ती म्हणाली, "काकू, मी करून खाली पाठवते. तुम्ही हातसुद्धा लावू नका."

"न्हाई," मी म्हणाले. "त्यांना आजवर मीच करून घातलं. हे बी मीच करीन. तू नुसतं सांग."

तिच्या नवऱ्याने बाजारातून बर्फातली सुरमई आणली, काप करूनच. मी तिच्या ओट्यापाशी पदर नाकाला लावून उभी राहिले, आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याचं साल कुठून काढायचं?" पोरगी हसू दाबत म्हणाली, "साल नाही हो काकू, कातडी. ती राहू द्यायची." मग मी मीठ लावून कारल्यासारखे ते काप तळहातात दाबून पिळायला गेले, तर तिने माझा हातच धरला. म्हणाली, "मोडेल ते. हळू." गार, बुळबुळीत होतं हाताला. लिंगाची चौकी, ती गळ्यातली डबी, मी पदराखाली आत सरकवली. काढून ठेवायची तर सोय नाही, ते अंगावरून उतरवायचं नसतं. होतं ते माझ्याबरोबर तिथेच, बघत.

ती सांगत गेली. हळद, तिखट, मीठ, आलं-लसणाचं वाटण, कोकमाचं आगळ. थोडं मुरू द्यायचं. मग रवा आणि तांदळाचं पीठ—

"थांब," मी म्हणाले. "पुढचं मला येतं."

आणि खरंच येत होतं. रव्यात दोन्हीकडून घोळायचं, जास्तीचा झटकायचा, तेल तापलं की गॅस मंद करायचा, एक बाजू खरपूस झाल्याशिवाय उलटायचं नाही. सगळं तेच. माझे हात आपोआप चालत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अप्पांनी मला सगळं खरंच सांगितलं होतं. गाडा खरा, रवा खरा, लिंबू खरं. त्यांनी फक्त एक शब्द बदलला होता. मुंबईत जे त्यांना एवढं आवडलं ते माझ्याबरोबर घरी खायचं होतं त्यांना, आणि त्या एका शब्दापायी ते खाता येत नव्हतं. राग गेला म्हणत नाही मी. पण त्याची धार गेली.

पोरगी म्हणाली, "काकू, मिठाचं बघायला हवं. मी चाखू का?"

मी म्हणाले, "न्हाई. नैवेद्य चाखत न्हाईत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पण मला काय येत होतं दुसरं? आयुष्यभर सणावाराला पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं न चाखता केलंय. मीठ हाताला कळतं. तसंच केलं.

मग काटे. मधलं हाड तिने दाखवलं, ते मी काढलं. पण बारीक एखादा राहिला आणि अप्पांच्या घशात गेला तर? म्हणून तांदळातले खडे निवडतात तसा एकेक कण मी बोटाने चाचपून बघितला. पावात चटणी लावली, कांदा घातला, लिंबू पिळलं, आणि ताटली पदराखाली झाकून जिना उतरले. गल्लीतल्या कुणी बघितलं असतं तर काय, हा विचार डोक्यात येत होता, आणि तरी पाय चालत होते.

अप्पा खिडकीपाशी खुर्चीत होते. घास पुढे केला. तोंड उघडलं.

"काटा काढला का?"

"हाव, काढला."

त्यांनी घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मग ते थांबले आणि परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने मला म्हणाले, "चांगलं केलंय, बाई. पण तसं न्हाई झालं."

"कसं न्हाई झालं?"

"आमच्या घरच्यावाणी." त्यांनी ताटली हळूच बाजूला सारली. "आमची मंडळी करती घरी. केळ्याचं. तसं कुटं मिळत न्हाई. मी मुंबईला बी बघितलं."

ताटली हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले, हुंदके देत, तोंडात पदर कोंबून. पन्नास वर्षांनी कळलं मला, आणि ते सांगितलं कुणाला, तर दारात आलेल्या कुणा बाईला. मग डोळे पुसले, हात घासून घासून धुतले आणि टोपलीतलं कच्चं केळं सोलायला घेतलं.

काप तळून आणले. तेच तेल-तिखट, तोच रवा. अप्पांनी विचारलं, "काटा काढला का?"

"काढला," मी म्हणाले. "सगळे काढले."

त्यांनी पाव संपवला. सगळा. चटणीचं बोटही चाटलं.

तेव्हापासून आमचं ते ठरूनच गेलं. अप्पांच्या समोर बसून मी केळ्याच्या कापातून काटे काढायचे. नुसतं बोट फिरवून चालायचं नाही, ते लक्ष ठेवून असायचे. एकेक काटा चिमटीत धरून ताटलीच्या काठावर ठेवावा लागे. "तो बघ, तिकडं एक ऱ्हायला." मी तोही काढायचे. मुलगा दुकानातून जेवायला आला की दारात उभा राहून बघायचा आणि आत जायचा. पाव चालू झाला तसं त्यामागून वरण गेलं, आंबील गेली. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि म्हणाले, "आजी, काय घालता हो ह्यांना?" मी म्हणाले, "केळी." नळीचं नाव परत निघालं नाही.

एवढं करूनही माणूस थोडाच राहतो? उन्हाळा सरता सरता अप्पा अगदीच थकले. आवाज बसला, खुर्चीतून खाटेवर आले. शेवटी शेवटी दोनचार घासांवर भागायचं. पण हात मोकळे होते. चादरीवर ते हात कापड मोजल्यासारखे हळूहळू हलत राहायचे.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पूजा उरकून, तशीच ओल्या केसांनी त्यांच्याजवळ पाव घेऊन बसले. नेहमीप्रमाणे काटे काढायला बोट लावलं, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ताटलीतला काप आपल्या हातात घेतला. डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो निरखला, मधोमध चिमटीने काहीतरी धरलं, सावकाश ओढून काढलं आणि मी हात पुढे केला तर माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. मग काप माझ्या तोंडाशी आणला.

"घे," ते म्हणाले. "तू खा. काढलाय मी, तुला टोचायचा न्हाई."

तू म्हणाले. कितीतरी महिन्यांनी. मी तोंड उघडलं आणि घास घेतला. डाव्या हाताची मूठ मी मिटून घेतली होती, ती घास संपेपर्यंत उघडली नाही.